विहीर, मुंग्या आणि इंटरनेटवरची वही

हौशी माणसानं प्रयोग करायला घेतला, की निष्कर्षाआधी किस्सा हाती लागतो. निष्कर्षाचं पुन्हा एक झेंगट असतं, तो तपासून घ्यावा लागतो. किस्सा कुणी तपासत न्हाई. म्हणून निष्कर्ष वाळत जातात आणि किस्से वाढत जातात! आमच्या चिटगुप्प्याच्या मंडळाचे निष्कर्ष विचाराल तर पोस्टकार्डावर मावतील. किस्से विचाराल तर बसा, चहा सांगते.

मंडळ म्हणजे चार माणसं. मी वैजंता, पीयू म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडर. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि पोरांनी काय काय फोडलं ते लिहून ठेवायचं. दुसरे रझ्झाकभाई, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. पाऊस मोजायचं भांडं, हवेची आर्द्रता बघायचं यंत्र, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. तिसरे हळ्ळीखेडचे मल्हारीअण्णा. वाडवडलांनी मेंढरं राखली, अण्णा विहीर राखतात. रोज सकाळी दोर सोडून पाणी किती खाली गेलं, किती वर आलं ते बघायचं आणि लिहायचं. एक दिवस खाडा न्हाई. चौथ्या कमलअक्का, शेजारच्या गावात अंगणवाडी चालवणाऱ्या. त्यांचा विषय मुंग्या. मुंग्या अंडी घेऊन जागा बदलतात, त्या खरंच पावसाच्या आदल्या दिवशी बदलतात का, हे त्यांना शोधायचं होतं.

दर रविवारी दुपारी आम्ही रझ्झाकभाईंच्या दुकानात बसायचो आणि आठवडाभराच्या नोंदी एका मोठ्या रजिस्टरात उतरवायचो.

ते रजिस्टर सोडून इंटरनेटवरची वही शोधायची पाळी का आली, तिथून सुरुवात करते.

*

श्रावण सरला होता. मी महिन्याचा पाऊस जुळवायला बसले. म्हटलं, "रझ्झाकभाई, मंगळवारी तुमच्याकडं शून्य पाऊस? माझ्या घरी तर छत गळत होतं."

रझ्झाकभाईंनी हातातली सोल्डरिंगची गन खाली ठेवली. रजिस्टर ओढून बघितलं.

"मॅडम, ये शून्य नै. ये पाच है!"

त्यांची शाळा उर्दू. उर्दूतला पाच गोलमटोल, आपल्या शून्याचा सख्खा भाऊ. आणि उर्दूतलं शून्य म्हणजे नुसता ठिपका! म्हणजे मी पाचाचं शून्य केलेलं, आणि खरी शून्यं पेनचे डाग समजून सोडून दिलेली. त्यात मल्हारीअण्णा कन्नड शाळेत शिकलेले, त्यांचे आकडे कन्नड. माझे आणि कमलअक्काचे मराठी. एका रजिस्टरात तीन लिप्यांचा बाजार! महिनाभराचा हिशोब पार कोलमडला. माझ्या आकड्यांप्रमाणं आमच्या भागात पाण्याचा टिपूस पडला न्हवता.

रझ्झाकभाई म्हणाले, "मंगळवारी दुकानात पानी घुसलं, मेरे तीन रेडिओ तैरने लगे. अन् तुम्ही सूखा जाहीर करायलात? इतनी जल्दी तो सरकार बी नै करती!"

*

कमलअक्काचा धाकटा भाऊ विजय बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. अक्कानं त्याला फोनवर हे सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "अक्का, ऑनलाइन वही घ्या. खरे शास्त्रज्ञ आता तसंच करायलेत. की-बोर्डवर पाच एकच असतो."

आम्ही अण्णांना सांगितलं, "आता वही ऑनलाइन करायची."

अण्णा वैतागले. "खताला लाईन, रॉकेलला लाईन. आता वहीला बी लाईन?"

*

चिटगुप्प्यात त्या वेळी इंटरनेट नवीन होतं. बसप्पाचा कॅफे, त्यात चार कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. विजयनं फोनवर एका फुकटच्या वहीचा पत्ता दिला. मी सगळ्यांच्या नोंदी मराठीत नीट लिहून त्याला टपालानं धाडल्या होत्या. विजयनं त्या तिकडून वहीत टाइप करून ठेवल्या. आम्ही चौघं एका स्क्रीनसमोर, दोन खुर्च्यांवर.

वही उघडली. आत सगळे चौकोनच चौकोन! एक अक्षर न्हाई. रांगेनं रिकामे चौकोन, वरपासून खालपर्यंत. बसप्पाच्या कॉम्प्युटरला मराठी दिसतच न्हवती.

मी बसप्पाला हाका मारायला लागले. अण्णा मात्र चष्मा लावून जवळ सरकले.

"यात माझी विहीर कुठाय?"

कमलअक्कानं बोट ठेवलं. "हे बगा अण्णा. हे चौकोन म्हंजे तुमची विहीर."

अण्णांनी बराच वेळ निरखून बघितलं आणि मान डोलावली.

"बरोबर हाय. चौकोनीच हाय ती."

*

ती वही गेली. विजयनं दुसरी सुचवली. ही मोठमोठ्या प्रयोगशाळांसाठी केलेली, पण हौशी माणसांनाही फुकट होती. आता आम्ही शहाणे झालो होतो. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे ठरवलं होतं. पण ह्या वहीचा थाटच वेगळा. संस्थेचं नाव? कमलअक्कानं सांगितलं, "अंगणवाडी क्रमांक दोन घाल." प्रमुख संशोधक? आम्ही चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि रझ्झाकभाईंच्या वयाला मान दिला. आणि शेवटी, प्रत्येक नोंदीखाली एक रकाना: साक्षीदाराचं नाव आणि शेरा.

"साक्षीदार?" अण्णा खुर्चीतून उठलेच. "विहिरीचं पाणी मोजायला साक्षीदार कामून? भावकीचा खटला चालू हाय काय?"

मी समजावलं. शास्त्रात असंच असतं अण्णा, नोंद करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ते बघितलेलं पाहिजे. अण्णा विचार करत गेले. पुढच्या रविवारी ते कागद घेऊन आले. सात दिवसांच्या सात नोंदी आणि प्रत्येकीखाली त्यांच्या बायकोची, पारूवहिनींची सही. वहिनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला गेलेल्या, अक्षर मोठं आणि ठसठशीत. सहीपुढं शेराही होता.

सोमवार: "मी भाकरी करायलते. बघितलं न्हाई."

मंगळवार: "ह्यांनी सांगितलं ते खरं धरलं."

बुधवार: "बघितलं. दोर मीच सोडला. ह्यांची पाठ धरली होती."

मी हसू दाबत अण्णांना म्हटलं, "अण्णा, सोमवारची साक्ष काही कामाची न्हाई."

अण्णा म्हणाले, "मी बी तेच म्हणलं तिला. तर म्हणती, साक्ष खोटी द्यायची असंल तर दुसरी बायको बघा!"

*

साक्षीदारांच्या भानगडीत तीही वही सुटली. तिसरी सोपी होती. प्रत्येकानं आपलं खातं उघडायचं, पासवर्ड ठेवायचा. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला एक गुप्त प्रश्न: आईचं लग्नाआधीचं नाव काय?

माझं, कमलअक्काचं, रझ्झाकभाईंचं झालं. अण्णांची पाळी आली. त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

"आडनाव सांगा अण्णा, चालतंय."

"आडनाव न्हवं. नावच ठाऊक न्हाई मला." ते म्हणाले. "आमच्यात लग्नात पोरीचं नाव बदलतेत. सासरी तिला तुळसा म्हणायचे. त्याच्या आधी काय म्हणायचे, मी कधी विचारलं न्हाई."

आई जाऊन वीस वर्षं झालेली. मी म्हटलं, "मग काहीही घाला. कॉम्प्युटरला काय कळतंय?"

"खोटं कसं घालू?" अण्णा म्हणाले. आणि खातं अर्धं ठेवून उठले.

त्यांच्या आईचं माहेर जनवाडा. अण्णा बस बदलत बदलत जनवाड्याला गेले. मामा केव्हाच वारलेले. एक म्हातारी मामी उरलेली, ती जनवाड्याचीच लेक, आईच्या बरोबरीनं वाढलेली; तिला दिसत न्हवतं, ऐकायलाही कमी. तिच्यापाशी अर्धा दिवस बसले. पुढच्या रविवारी आले तेव्हा नवा पटका बांधलेला, चेहरा उजळलेला. मामीनं नाव सांगितलं होतं. नुसतं नाव न्हाई. आई लहानपणी कशी झाडावर चढायची, शेळ्यांना कसल्या शिट्ट्या मारायची, सगळं सांगितलं होतं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आई पुन्हा नव्यानं भेटली होती.

आम्ही सगळे पुढं सरसावलो. "मग काय नाव होतं अण्णा?"

अण्णांनी की-बोर्ड स्वतःकडं ओढला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधून, आमच्याकडं पाठ करून टाइप केलं.

"सांगा की!"

"वा! कुणाला सांगू नका, म्हणून लिवलंय न्हवं त्यात?"

आजतागायत त्यांनी ते आम्हाला सांगितलेलं न्हाई.

*

ह्या तिसऱ्या वहीची एक खोड होती. तिच्यात लिहिलेलं पुसता यायचं न्हाई. दुरुस्ती केली तरी जुनं वाक्य मधून रेघ मारलेलं तसंच दिसायचं, वर तारीख आणि वेळ. विजय म्हणाला, हाच तर तिचा गुण.

कमलअक्काला तो गुण काही मानवला न्हाई. त्या मोठ्या हौसेनं लिहायच्या, "मुंग्यांनी अंडी हलवली. उद्या पाऊस." दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! मग खाली लिहायला लागायचं, "पाऊस आला न्हाई." असं चार वेळा, पाच वेळा. एकदा बिचाऱ्या मुंग्या घरात फिनेल टाकलं म्हणून पळत होत्या, तेही पावसाच्या खात्यावर गेलं.

शेवटी अक्का चिडल्या. विजयला फोन लावला. "ते चुकलेलं तेवढं काढून टाक रे."

"निघत न्हाई अक्का."

"आपला आहेस का परका?"

"अक्का, कंपनीचा मालक आला तरी निघत न्हाई."

अक्कानं फोन ठेवला आणि आमच्याकडं वळल्या. "वही न्हाई ही, माझी नणंद हाय! बरोबर केलेलं दिसत न्हाई, चुकलेलं तेवढं तारीखवार पाठ."

*

आता जरा गंभीर सांगते.

त्या वर्षी कमलअक्काच्या अंगणवाडीत पोरं आजारी पडायला लागली. आज दोघं, उद्या चौघं. हगवण. एक तीन वर्षांची मुलगी तर हुमनाबादच्या दवाखान्यात सलाईनवर होती. अक्का रविवारी आल्या, पण मुंग्यांच्या नोंदी पिशवीतून काढल्याच न्हाईत. हातातला चहा निवून गेला.

आमच्या कॉलेजात पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आल्या होत्या. पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात घाण मिसळतीय असं समजायचं. प्राचार्यांना विचारून मी काही बाटल्या अक्काला दिल्या. अंगणवाडीच्या नळाचं पाणी भरलं. दुसऱ्याच दिवशी बाटली शाईसारखी काळी. पुन्हा भरली, पुन्हा काळी. त्याच गावातल्या विहिरीचं पाणी भरलं, ते स्वच्छ. सगळं वहीत, तारीखवार.

अक्का त्या पानांचे प्रिंट घेऊन नळयोजनेच्या साहेबांकडं गेल्या. मी सोबत होते. साहेबांनी कागद लांब धरले.

"ह्याच्यावर सही-शिक्का कुठाय?"

"न्हाई साहेब. आमची आम्ही लिहितो."

"मग असं तर कुणीबी लिवंल बाई."

अक्काचा आवाज चढला न्हाई. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, ती पोरगी आजून दवाखान्यात हाय. पाण्याचं पान तरी वाचा."

साहेब पानं उलटायला लागले. घाईत आम्ही पूर्ण महिन्याचे प्रिंट काढले होते, त्यामुळं मुंग्याही सोबत आल्या होत्या. साहेब मध्येच थांबले आणि मोठ्यानं वाचायला लागले. "मुंग्यांनी अंडी हलवली. उद्या पाऊस. पाऊस आला न्हाई. मुंग्यांनी अंडी हलवली. उद्या नक्की पाऊस. आला न्हाई." त्यांनी चष्मा काढला. अक्का लाजेनं जमिनीकडं बघायल्या होत्या.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचं एवढं हसं छापून आणलंय. मग बाटलीबद्दल खोटं कामून लिवाल?"

दुसऱ्या दिवशी माणसं आली. अंगणवाडीच्या मागं पाइप गटारातून जात होता, तिथंच त्याचा सांधा निखळला होता. तो बदलला, टाकी धुतली. त्यानंतर आठवडाभरानं भरलेली बाटली दोन दिवस पाण्यासारखी नितळ राहिली. अक्का ती बाटली हातात धरून माझ्या प्रयोगशाळेत आल्या आणि रडल्या. ती मुलगी घरी आली. पुढं तीच मुलगी त्यांच्या मुंग्यांवर उड्या मारायची, ते वेगळं!

आणि महिन्याभरानं त्या साहेबांचा अक्काला फोन.

"अक्का, उद्या आमच्याकडं वास्तुशांती हाय. मांडव उघड्यावर घातलाय. मुंग्या काय म्हणायल्यात?"

*

मग एक दिवस त्या तिसऱ्या वहीकडून पत्र आलं, की महिनाअखेर आम्ही बंद करतोय, आपापल्या नोंदी उतरवून घ्या. विजय ओशाळला. फोनवर चारदा माफी मागितली. त्यानंच ती वही सुचवली होती ना! त्या आठवड्यात नेमकी लाईट जायची. रझ्झाकभाईंनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून बसप्पाच्या कॉम्प्युटरला जोडली आणि आम्ही एकेक पान उतरवून घेतलं. बसप्पा वैतागून "टैम आय्तु, टैम आय्तु" करत वेळ संपल्याचं सांगत होता, पण त्यानं उठवलं मात्र न्हाई.

मी खट्टू झाले होते. एवढ्या शोधानंतर मिळालेली वही! अण्णा म्हणाले, "असू द्या वैजंताबाई. मालक जाताना सांगून जायलाय. चांगल्या घरचा हाय."

*

चौथी वही अजून चालू आहे. ही उघडी वही. जगात कुणालाही वाचता येते आणि खाली दोन ओळी लिहिता येतात. म्हणून नोंदी मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत घालायला लागले, अण्णांचा 'हात' तेवढा तसाच ठेवला. आम्ही ती निवडली तेव्हा विजयला विचारलं होतं, "आमचं कोण वाचंल रे?" तो म्हणाला, "कुणी न्हाई. निवांत लिहा."

सहा महिन्यांनी अण्णांच्या विहिरीच्या पानाखाली इंग्रजीत दोन ओळी आल्या. लांबच्या कुठल्या तरी थंड देशातला माणूस. त्याचीही एक विहीर होती आणि तोही रोज मोजायचा. त्यानं लिहिलं होतं, तुमच्या नोंदी मी दर आठवड्याला वाचतो. फक्त एक कळत न्हाई. 'हात' म्हणजे किती?

मी अण्णांना मराठीत सांगितलं.

"हात म्हंजे हात!" अण्णा म्हणाले. "कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याला न्हाईत काय?"

"तो विचारतोय, कुणाचा हात?"

"माझा! विहीर कुणाची हाय?"

मग मी समजावलं, प्रत्येकाचा हात वेगळा, त्याला नेमकं माप पाहिजे. अण्णांना पटलं. ते म्हणाले, "माप लिवून कशाला? हातच धाडू."

बसप्पाकडं स्कॅनर होता. बसप्पानं काच पुसली. अण्णांनी बाही वर केली, काचेवर हात ठेवला. हात मशीनमध्ये मावेना! मग कोपरापासून मनगटापर्यंत एकदा आणि मनगटापासून बोटांपर्यंत एकदा, असा दोन तुकड्यांत काढला. शेजारी माझी कॉलेजातली पट्टी ठेवली. शेतात राबलेला काळा हात, दोरानं पडलेले घट्टे, सगळं स्वच्छ दिसत होतं. रझ्झाकभाईंनी जोड असा बसवला, की कुठं जोडलंय ते कळू नये. धाडला.

बरेच आठवडे काही न्हाई. अण्णा दर रविवारी विचारायचे, "हात पोचला का?"

आणि एका रविवारी वही उघडली तर पानाखाली एक चित्र. एक हात. गोरा, बारीक, म्हाताऱ्या माणसाचा. निळ्या शिरा वर आलेल्या, बोटं जराशी वाकडी. शेजारी पट्टी. खाली एकच ओळ.

मी वाचून दाखवली. "तो म्हणतोय, माझा हात तुमच्यापेक्षा आखूड आहे."

अण्णांनी पुढं वाकून पट्टीवरचे आकडे मोजले. एकदा, मग पुन्हा एकदा.

"चार बोटं कमी हाय," ते म्हणाले.

मग खुर्चीत मागं टेकले आणि मला म्हणाले, "लिवा त्याला. फिकीर करू नको म्हणावं. औंदा पाणी लई वर आलंय."